अठ्ठ्याहत्तर सूर

११ जानेवारी २०२५, शनिवार

अनन्या स्वतःहून घरी आली म्हणजे तिला काहीतरी हवं असतं. आज माझा इन्स्टंट पॉट, म्हणजे विजेचा कुकर, हवा असेल असं वाटलं होतं. पण तिला पेटीवाली हवी होती.

ती फिनिक्सच्या एका म्युझियममध्ये क्युरेटर आहे. चौतीस वर्षांची झाली तरी नेमकं काय करते ते मला आमच्या मराठी मंडळात कुणाला सांगता येत नाही. अंधाऱ्या खोलीत कुणी दोन तास झाडू मारतो, लोक बघतात, आणि ते हिने आयोजित केलेलं असतं. आता मार्चमध्ये ती ओडा नावाच्या एका म्हाताऱ्या गायिकेचा कार्यक्रम करते आहे. नुसतं ओडा, आडनाव नाही. मूळची बेल्जियमची, अँटवर्पची. साठच्या दशकात पॅरिसमध्ये मॉडेल होती, मासिकांच्या मुखपृष्ठांवर असायची. मग एके दिवशी तिने केस भादरले, एक हातपेटी घेतली आणि स्वतःची गाणी म्हणायला लागली. तीन रेकॉर्डस् आणि दोन सिनेमे. एका सिनेमात ती वीस मिनिटं बटाट्याच्या शेतातून चालते, बाकी काही नाही.

"आई, शी इज अ लेजंड. आणि ती इथे चँडलरमध्ये राहते, आपल्यापासून दहा मिनिटांवर! तिचं हार्मोनियम बंद पडलंय. तू बघशील का? प्लीज?"

चौतीस वर्षांत माझ्या पेटीकडे लेकीने कधी ढुंकून बघितलं नाही. लहानपणी मी रियाजाला बसले की कानावर उशी घ्यायची. मी म्हटलं, बघू.

जाताना तिने एक रेकॉर्ड ऐकवली. बाईचा आवाज विहिरीतून आल्यासारखा, आणि खाली पेटी. पेटी इतकी बेसूर की माझ्या दाढा शिवशिवल्या. माझा नवरा कुमार पेपरातून मान वर न करता म्हणाला, "भाता फाटलाय." कुमारने आयुष्यभर कॉम्प्युटरच्या चिप्स बनवल्या, संगीतातलं त्याला ओ की ठो कळत नाही. पण त्यालासुद्धा कळलं.

१४ जानेवारी, मंगळवार

टायरच्या दुकानामागे मोबाइल होम्सची, म्हणजे चाकांवरच्या पत्र्याच्या घरांची, वसाहत आहे, तिथे राहते ती लेजंड. दाराशी निवडुंग आणि दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. ओडा त्र्याऐंशीची आहे, ताडमाड उंच, पांढरे केस पाठीवर मोकळे, आणि ॲरिझोनात घरात बसून अंगात काळा लोकरीचा कोट. चेहरा अजून असा आहे की बघत राहावं. मला राग आला आणि तरी मी बघत राहिले. भिंतीवर स्वतःचा एकही फोटो नाही. मी असते तर घर भरून लावले असते.

पेटी टेबलाखाली होती. आपल्याकडचीच, कलकत्त्याच्या जुन्या बनावटीची, सव्वातीन सप्तकं, दोन ओळी सूर. सूर म्हणजे आतल्या पितळी जिभा, त्यांच्यावरून वारा गेला की आवाज निघतो. भात्याला कसर लागली होती. वरच्या दोन पट्ट्या दाबल्या की वर येतच नव्हत्या. ते मी तिथल्या तिथे, सोबत नेलेल्या हत्यारांनी तासाभरात केलं. माझ्या वडिलांचं, अण्णांचं, मिरजेत पेटीदुरुस्तीचं दुकान होतं, मी परकरात असल्यापासून भात्याला कातडं चिकटवत आले आहे.

मग ती वाजवायला बसली, तर बोटं वळेनात. संधिवात. तिने मला विचारलं, म्हणजे खुणेनेच सांगितलं, तू धर. मी दोन सूर धरले आणि ती गायला लागली. शब्द कुठल्या भाषेतले होते कोण जाणे. ताल नाही, सम नाही, कुठे थांबेल त्याचा नेम नाही. पण साथ करणाऱ्याला गाणं आवडावं लागत नाही. गायकाचा श्वास बघायचा, खांदा बघायचा, तो पुढे निघाला की मागून जायचं, तो अडला की हळूच सूर द्यायचा, आणि दिला हे ऐकणाऱ्याला कळता कामा नये. मी तेच केलं. गाणं संपल्यावर अनन्या माझ्याकडे अशी बघत होती जणू मी नुकतीच विमानातून उतरले आहे.

"आई, तू हिच्याबरोबर स्टेजवर बसशील?"

मी म्हटलं, मला कॅलेंडर बघावं लागेल. कॅलेंडरवर डेंटिस्टशिवाय काही नाही.

निघताना ओडाने मला नाव विचारलं. ते मी आल्या आल्या सांगितलं होतं.

१९ जानेवारी, रविवार

मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम. नेहमीप्रमाणे मी सहा गायकांना साथ केली, त्यातले चार पट्टी सोडून गायले, आणि निवेदकाने शेवटी "आणि पेटीवर साथ करणारे सर्व" असं म्हणून आभार मानले. मी एकटीच होते.

जेवताना मंडळातल्या शैलजाला सांगितलं की मार्चमध्ये डाउनटाउनला माझा कार्यक्रम आहे, पोस्टरवर नाव येणार आहे. ती म्हणाली, "अय्या! मॉडेल? मग कपडे बिपडे घालते ना?" त्र्याऐंशी वर्षांची आहे म्हटल्यावर तिचा रसच गेला. गुळाची पोळी छान होती. मला एकदा, फक्त एकदा, दिव्यांच्या खाली, लोक गप्प बसलेले असताना वाजवायचं आहे. पेपर प्लेट्सच्या आवाजात नाही. हे इथे लिहून ठेवते, कारण हे बोलून दाखवण्यासारखं माझ्याकडे माणूस नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

चार तालमी झाल्या. तालीम कमी आणि ओडापुराण जास्त. अनन्या तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसते, रेकॉर्डर लावते आणि विचारते.

ओडाच्या बापाची लाँड्री होती, अँटवर्पच्या बंदराजवळ. आई दिवसभर वाफेत, तिचे हात भाजलेले. सतराव्या वर्षी एका माणसाने साबणाच्या जाहिरातीसाठी फोटो काढला, आणि मग पॅरिस. "दहा वर्षं माझा चेहरा माझ्याआधी खोलीत शिरायचा," असं म्हणाली. "लोक त्याच्याशीच बोलायचे. मी मागे उभी राहून वाट बघायचे." मग तिला वाटलं, असा आवाज काढावा की ज्याला चेहराच नसेल.

बोलते छान, नाही म्हणत नाही. पण बाई खोटारडी आहे. पहिल्या दिवशी म्हणाली, ही पेटी एका जहाजावरच्या आचाऱ्याने दिली. आज म्हणाली, पॅरिसमध्ये एका प्रियकराने दिली, तो पुढे बुडून मेला. आणि तासाभराने पुन्हा आचारी! अनन्याच्या लक्षात येतं, पण ती नुसती मान डोलावते. मला मात्र लेकीने उभ्या जन्मात विचारलेलं नाही की तुझी पेटी तुला कुणी दिली.

आणखी एक. हिला मुलगी होती. दीड वर्षाची असताना बहिणीकडे ठेवून पॅरिसला परत गेली, ती गेलीच. मुलीने पुढे पत्रांना उत्तरं दिली नाहीत. कार्यक्रमातलं शेवटचं गाणं त्या मुलीसाठीचं आहे, तिच्या गावच्या फ्लेमिश भाषेतलं. आजवर कधी रेकॉर्ड केलं नाही, कुणासमोर म्हटलं नाही. ते म्हणण्यासाठीच कार्यक्रमाला हो म्हणाले, असं ती म्हणाली. अनन्याच्या डोळ्यांत पाणी. मी या पोरीला वाढवायला मिरजेच्या बैठकी सोडल्या, गाणं सोडलं, इथे येऊन वीस वर्षं सॉकरची प्रॅक्टिस संपायची वाट बघत गाडीत बसले. त्याची तिला जांभई येते. मुलीला टाकून गेलेल्या बाईसाठी मात्र ही रडते.

गाणं सुरेख आहे. हे लिहायला मला जड जातंय.

५ फेब्रुवारी, बुधवार

पेटी घरी आणली. भाता ठीक झाला, पण सूर तसेच बेसूर. दोन्ही ओळींतले सूर एकमेकांना भेटतच नाहीत. एक पट्टी दाबली की दोघांचं भांडण ऐकू येतं, लाटांसारखं, वाँव वाँव वाँव. अशी पेटी घेऊन मी स्टेजवर बसले तर लोक कुणाला हसतील? गाणाऱ्या बाईला नाही हसणार, तिच्याकडे खुळेपणाचं लायसन्स आहे. मला हसतील.

अनन्या न्यूयॉर्कला गेली आहे आठवडाभर. ओडाला विचारलं, "नीट करून आणू का?" ती खिडकीबाहेर बघत "हो हो, ने" म्हणाली. दोनदा विचारलं, दोनदा हो म्हणाली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

गॅरेजमध्ये कारखाना उघडला आहे. एकोणचाळीस पट्ट्या, दोन ओळी, अठ्ठ्याहत्तर सूर. एकेक सूर काढायचा, पुसायचा, जिभेच्या टोकाशी कानशीने हलकं घासलं की चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. पितळ केसाएवढं जातं. लावून बघायचा, परत काढायचा.

कुमार आला, थोडा वेळ बघत उभा राहिला, आणि आतून त्याचा फ्रीक्वेन्सी मोजायचा डबा घेऊन आला. मग काय विचारता! रिटायर झाल्यापासून माणूस असा हसलेला मी बघितला नव्हता. मी घासते, तो आकडा वाचतो, सेंटमध्ये, म्हणजे अर्ध्या स्वराच्या शंभराव्या भागात. "अजून दोन सेंट. अजून एक. बस, बस!" दुपारचा चहा त्याने केला. संध्याकाळी मला म्हणाला, "तू हे इतकं बारीक काम करतेस हे मला माहीतच नव्हतं." लग्नाला सदतीस वर्षं झाली.

९ फेब्रुवारी, रविवार

झाली. अठ्ठ्याहत्तरपैकी अठ्ठ्याहत्तर. अण्णांच्या दुकानातूनसुद्धा इतकी स्वच्छ पेटी गेली नसेल. पट्टी दाबली की दोन सूर एकच होऊन निघतात. कुमारने सगळ्या आकड्यांचा तक्ता छापला आणि पेटीच्या झाकणात आतून चिकटवला. मी तासभर एकटीच वाजवत बसले. खूप दिवसांनी रडू आलं, चांगलं रडू.

११ फेब्रुवारी, मंगळवार

करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

पेटी नेली, ओडासमोर ठेवली, सूर धरला. तिने मान कलती करून ऐकलं. मग म्हणाली, "फार सुंदर. कुणाची आहे?" मी म्हटलं, तुमचीच. ती म्हणाली, "नाही नाही, माझी कुठे आहे?" मला इतका आनंद झाला! म्हटलं, स्वतःची पेटी ओळखू येऊ नये याहून मोठी पावती कोणती. ती मात्र वाकून टेबलाखाली बघत होती.

तेवढ्यात अनन्या आली, एअरपोर्टवरून थेट. दारातच थांबली. मी कौतुकाने पूर्ण सप्तक वाजवून दाखवलं.

"आई. व्हॉट डिड यू डू?"

"ट्यून केली. सगळी. बाबाने प्रत्येक सूर मोजलाय, बघ, तक्ता—"

"तो वॉबल! आई, तो वॉबल म्हणजेच तिचा साउंड होता! लोकांनी त्यावर थिसिस लिहिलेत! साठ वर्षं तिने पेटी मुद्दाम ट्यून केली नव्हती! ओ माय गॉड, यू डिडन्ट ईव्हन आस्क!"

मी म्हटलं, तिला विचारलं होतं. दोनदा.

"तिला?" अनन्या म्हणाली, आणि तोंडावर हात ठेवून बाहेर जाऊन उभी राहिली.

म्हणजे काय? तिची पेटी, तिलाच विचारणार ना? ओडा आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. मग तिने मला विचारलं की मी चहा घेणार का, आणि मी पेटीवाली आहे की नर्स.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बेसूर ते बेसूर. त्या वाँव वाँवला वॉबल म्हटलं म्हणून ते गाणं होत नाही.

कुमार सकाळी म्हणाला, "आपण अनन्याला एक फोन करायला हवा होता, यार." आपण! पेटी उघडताना आपण, आणि शिव्या खायला मी.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आठ दिवस हे कुणाला सांगितलं नव्हतं. पेटी परत घरी आणून मी ती बिघडवायचा प्रयत्न करत होते. तिची रेकॉर्ड लावायची, एक सूर ऐकायचा, आणि आपला सूर तितकाच वाकडा करायचा. नऊ सूर केले. प्रत्येक वेळी हात शेवटच्या क्षणी सरळ करून टाकतो. सूर लावायला मला पाचव्या वर्षापासून शिकवलं, मोडायला कुणी शिकवलंच नाही. आणि जे पितळ घासून गेलं ते काही परत येत नाही. तिच्या पेटीचा वाकडेपणा साठ वर्षांच्या दमट हवेने आणि धुळीने केलेला होता, सूर सूर वेगळा. तो चार दिवसांत मी पुसून टाकला.

आज पहिल्यांदा वाटलं की चूक झाली असेल. मग अनन्याचा मेसेज आला, "प्लीज डोन्ट टच इट एनीमोर." आणि ते वाटणं गेलं.

२ मार्च, रविवार

अनन्या जेवायला आली. आमटी-भात होता, तिला आवडते म्हणून आळूवडी केली होती. तीन वड्या खाल्ल्यावर तिने तोडगा सांगितला. जुन्या रेकॉर्डसमधून नुसता पेटीचा आवाज कॉम्प्युटरने वेगळा काढला आहे. प्रत्येक गाण्याला त्याचा ट्रॅक. शेवटचं गाणं रेकॉर्डवर नाही, तर त्यासाठी तुकडे जोडून नवा केला. तो स्पीकरवरून वाजणार.

"आणि मी?"

"तू बसणार ना! ऑफ कोर्स. व्हिज्युअली तू हवीच आहेस. साडी, हार्मोनियम, दोन वयस्क बायका स्टेजवर. फक्त खुंट्या बंद ठेवायच्या."

पेटीच्या पुढच्या खुंट्या आत ढकलल्या की सुरांना वारा मिळत नाही. भाता हलवा, पट्ट्या दाबा, आवाज नाही. म्हणजे मी दीड तास मुक्याने पेटी वाजवायची, आणि मी वाजवते आहे असं लोकांना वाटायचं. माझ्या घरात, माझी आळूवडी खात, माझ्या मुलीने मला हे सांगितलं. कुमार ताटात बघत राहिला.

मी म्हटलं, "कॉम्प्युटर थांबतो का गं? ती अडली तर?"

"वुई विल रिहर्स, आई."

नाही म्हणायला हवं होतं. पण पोस्टर छापून आलं होतं, तिने ते टेबलावर ठेवलं होतं. वर ओडाचं नाव, खाली 'हार्मोनियम: सुलेखा हर्डीकर'. मी हो म्हणाले. पोस्टरसाठीच हो म्हणाले, उगाच ताकाला जाऊन भांडं का लपवू.

१८ मार्च, मंगळवार

शेवटची तालीम म्युझियमच्या हॉलमध्ये. ओडा आज तिसऱ्या गाण्याच्या मध्येच थांबली आणि विचारायला लागली की लोक कधी येणार. अनन्याने ट्रॅक थांबवला, जवळ गेली, हात धरला, शब्द सांगितले. दहा वेळा झालं तरी अनन्याचा आवाज चढला नाही. मी एकदा मोबाइलवर फोटो पाठवायला चुकले तर "आई, आय शोड यू धिस लास्ट वीक!" असं ओरडते ती.

मोठ्या कलाकारांचे नखरे, दुसरं काय. माझं नाव अजून लक्षात नाही. आज "तुम्ही कुणाबरोबर आलात?" असं विचारलं. दोन महिने हिच्या श्वासाबरोबर श्वास घेते आहे मी.

शेवटचं गाणं ती नीट म्हणाली. ते एकच सगळं पाठ आहे तिला.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

गुढी उभारली, कडुलिंब नाही म्हणून कढीपत्त्यावर भागवलं. आता मंडळात जायचं आहे, पण त्याआधी कालचं लिहून काढते, नाहीतर मी त्याला वेगळंच रूप देईन.

काल दुपारी चारचा कार्यक्रम. चारशे लोक, जागा नाही म्हणून मागे उभे. मी काळी इरकल नेसले होते. कुमार तिसऱ्या रांगेत. दिवे मंद झाले आणि लोक गप्प झाले. अशी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. या शांततेत माझा एक सूर पडावा म्हणून मी चौतीस वर्षं थांबले होते, आणि माझ्या चारही खुंट्या आत होत्या.

पहिली पाच गाणी पार पडली. ओडा दोनदा मागे राहिली, ट्रॅक पुढे गेला, तिने धावत गाठलं. मी भाता हलवत होते, बोटं फिरवत होते. समोरची एक बाई माझ्या हातांकडे बघत डोलत होती. मला तिच्या अंगावर पेटी फेकावीशी वाटली.

शेवटचं गाणं. पहिलं कडवं ती म्हणाली. दुसऱ्याच्या तोंडाशी थांबली. ट्रॅक चालत राहिला, त्याला काय, तो लाटा काढत गेला आणि त्याच्या वेळेवर संपला. हॉलमध्ये आवाज म्हणून काही उरलं नाही. ओडा माइकसमोर उभी. तिचा चेहरा मला बाजूने दिसत होता. नखरा नव्हता तो. लहान मूल बाजारात हरवतं तसा होता तो चेहरा, आणि त्या क्षणी मला दोन महिन्यांचं सगळं कळलं, आचारी, प्रियकर, चहा, नर्स, सगळं. माझी आजीही शेवटी अशीच मला "तू कुणाची गं?" विचारायची. आणि मी या बाईला खोटारडी म्हणत होते.

मग ती वळली आणि तिने माझ्याकडे बघितलं. माझं नाव तिला कधी आठवलं नाही, पण सूर कुणाकडे मागायचा हे तिला बरोबर आठवत होतं. हात थोडासा पुढे केला. आपल्याकडचे गवई करतात तसा, दे म्हणून.

एक खुंटी बाहेर ओढायची होती. भाता भरलेला होता. बोट त्या सुरावर आधीपासूनच होतं. तो एक सूर मिळाला असता तर ती पुढचं म्हणाली असती, मला खात्री आहे, ते गाणं तिच्या हाडात होतं. मागे साउंडच्या टेबलापाशी अनन्या उभी राहिली होती आणि दोन्ही हातांनी मला खुणा करत होती, प्ले, प्ले. मला स्वच्छ दिसत होतं.

मी नाही ओढली. माझ्या मनात जे आलं ते जसंच्या तसं लिहिते: आता वाजव म्हणतेस? सांग की तुझ्या कॉम्प्युटरला.

मी हात मांडीवर ठेवून सरळ बसले. किती वेळ गेला ते कुमारने घड्याळात बघितलं होतं, तीन मिनिटं आणि वर काही सेकंद. तेवढा वेळ ती माझ्याकडे बघत होती. मग तिने हात खाली घेतला. अनन्या स्टेजवर आली, तिला खांद्याला धरून आत घेऊन गेली. आणि चारशे लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. त्यांना वाटलं, असंच बसवलं आहे.

गाडीत कुमार म्हणाला, "शेवटी काय झालं गं?" मी म्हटलं, काही नाही.

१ एप्रिल, मंगळवार

पेपरात आलं आहे. अनन्याने फोनवर वाचून दाखवलं. 'एका आईने न गायलेलं अंगाईगीत आणि ते न वाजवणारी वादक' असं काहीतरी. 'त्या तीन मिनिटांत हर्डीकर यांनी जो संयम दाखवला तो' वगैरे. शैलजाने मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, त्र्याण्णव अंगठे आले.

वाचून झाल्यावर अनन्याने विचारलं. "आई, मी तुला साइन करत होते. यू डिडन्ट सी मी?"

"दिवे डोळ्यात होते गं."

"थँक गॉड," ती म्हणाली. "मी पॅनिक झाले होते. तू वाजवलं असतंस तर सगळं खराब झालं असतं."

४ एप्रिल, शुक्रवार

ओडाला पुढच्या आठवड्यात केअर होममध्ये नेणार आहेत. अनन्या फार पूर्वीपासून डॉक्टरांच्या संपर्कात होती, मला सांगितलं नव्हतं, "तू मंडळात बोलशील म्हणून." बरोबरच आहे.

खरं सांगून टाकायचं असं ठरवून गेले. तिला कळेल न कळेल, आपण सांगायचं. ती प्लास्टिकच्या खुर्चीत उन्हात बसली होती, तोच काळा कोट. मी शेजारी बसले. अनन्या रेकॉर्डर घेऊन दारात. मी विचारलं, ते अँटवर्पचं गाणं म्हणता का, मी सूर देते, पेटी गाडीत आहे. तिने विचारलं, कुठलं गाणं?

मी पहिली ओळ गुणगुणून दाखवली. तिने मान हलवली. नाही. गेलं ते. आठवडाभरापूर्वी होतं.

मग तिने माझा हात हातात घेतला. तिची बोटं वाकडी आणि गरम होती. "तुम्हीच ना त्या?" ती म्हणाली. "स्टेजवरच्या? मी वाट चुकले होते. सगळे मला नेहमी घाई करतात, पुढे ढकलतात. तुम्ही नाही केली. तुम्ही माझ्यासाठी थांबलात."

माझ्या ओठावर आलं होतं. मी मान वर केली. अनन्या दारातून माझ्याकडे बघत होती, डोळे भरलेले, अगदी तशी, जशी ती दोन महिने हिच्याकडे बघत होती. आजवर माझ्याकडे तिने तसं कधी बघितलं नव्हतं.

मी म्हटलं, "हो. थांबले."